शेवटचे तीन भाग

५ डिसेंबर

आज खाडीवर भाविकच्या दहाव्या दिवसाचे विधी झाले.

कावळा शिवत नव्हता. पिंड ठेवून बराच वेळ झाला होता. कावळे होते, पण पलीकडच्या गोदामाच्या पत्र्यावर, आमच्याकडे पाठ करून. चुलत सासरे चिंधूकाका हात जोडून मोठ्याने म्हणाले, "भाविक, घराचं वरचं काम पुरं करू." कावळे हलले नाहीत. कोणी म्हणाले, "तुज्या आईला सांभालू." कोणी माझ्याकडे बघत म्हणाले, "विनिताला अंतर देनार न्हाय." मागून एक जण हळूच म्हणाला, "शूटिंगचं बोला रं त्याला. दुसरं काय सुचत होतं का त्याला?"

मग कुमार पुढे झाला. कुमार भाविकचा लहानपणापासूनचा मित्र, कॅमेरा तोच धरायचा. पँट दुमडून चिखलात उभा राहिला आणि म्हणाला, "भाविक, सिरीजचे आठच्या आठ भाग पुरे करतो. मी आनि वहिनी. सगल्यांसमोर सांगतो."

कावळा लगेच उतरला. त्याच्या मागून दुसरा.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी काही कबूल केले नव्हते. कुमार बोलत होता तेव्हा मी मनात म्हणत होते, खाऊन घे, त्या दिवशी नुसत्या चहावर गेलास. हे फक्त इथे लिहिते. सगळ्यांनी ऐकले ते कुमारचे बोलणे, त्यामुळे वचन तेच धरले जाणार.

सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "झालं गो. त्याचा जीव त्यान होता."

९ डिसेंबर

तेरावे झाले. जवळचे पाहुणे गेले, आता लांबचे येत आहेत. भाविक रांजनोलीच्या वळणावर कंटेनरखाली गेला ही बातमी मोबाईलवर पसरली, त्यामुळे ओळखीचे नसलेले लोकही येतात.

आज अंबाडीकडून पाच बायका जीप करून आल्या. पडवीत बसल्या, पाणी प्यायल्या. इकडेतिकडे बघत होत्या. मग एकीने मला विचारले, "ती कुठाय? त्याची बायको?"

मी सांगणार होते. तेवढ्यात रीमा आतून आली. रीमा सिरीजमध्ये भाविकच्या बायकोचे काम करते, सुलीचे. कोन गावची मुलगी आहे, कल्याणला पार्लरमध्ये जाते. ती तेराव्यापर्यंत रोज येऊन सासूबाईंजवळ बसत होती. तिला पाहिल्याबरोबर त्या बायका उठल्या आणि तिला मिठी मारून रडायला लागल्या. "सुली, काय गो झालं तुजं." रीमा पण रडली. तिला काय करावे कळले नसावे.

मी पेले उचलले. एकीने मला विचारले, "तुमी बहीण का त्याची?"

"घरचीच," म्हटले.

जाताना त्यांनी रीमाच्या हातात नारळ आणि ब्लाऊजपीस ठेवले. जीप गेल्यावर रीमाने ते माझ्यापुढे धरले. म्हणाली, "वहिनी, हे तुमचं आहे."

मी म्हटले, "असू दे. रंग तुलाच शोभेल."

ती हसली आणि मग पुन्हा रडली.

१५ डिसेंबर

कुमारने आज सगळे समजावून सांगितले. मला खरे तर सिरीजची नीट माहितीच नव्हती. गोदामात मी इनवर्डच्या टेबलावर असते, आलेल्या मालाची नोंद माझ्याकडे. जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर अर्धामुर्धा भाग बघितला असेल, तोही आवाज बंद करून, कारण शेजारी बाकीचे असतात. शूटिंग रविवारी आमच्याच स्वयंपाकघरात व्हायचे आणि मी शेजारी काशीताईकडे जाऊन बसायचे. आपलेच स्वयंपाकघर आणि आपल्याच गाऊनमध्ये दुसरी बाई, बघायला बरे वाटत नसे.

तर सिरीजचे नाव 'आमचे घरान', म्हणजे आमच्या घरात. ट्रान्सपोर्टची दलाली करणारा नवरा, नाव बाळ्या, ते काम भाविकचे. त्याची बायको सुली. आणि नुसता आवाज येणारी सासू. बाळ्या काहीतरी घोळ घालतो, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी सुली एकच वाक्य बोलते की पडदा काळा. ती वाक्ये लोकांना पाठ आहेत. हळदीला डीजेवाला मध्येच लावतो म्हणे.

पाच भाग झाले, तीन राहिले. अंधेरीच्या एका ॲपवाल्या कंपनीतले दौलत म्हणून आहेत, ते आठ भाग पुरे झाले तरच घेणार. अर्धी मालिका ते ठेवत नाहीत. घेतली तर भाविकचे नाव पहिल्या पाटीवर, लेखक दिग्दर्शक म्हणून, आणि ते कायम राहील. कुमार म्हणाला, "न्हायतर काय वहिनी, यूट्यूबवर आज हाय, उद्या कोन बघतो. त्याचं नाव चार म्हैने राहील."

नाव राहावे असे मला वाटते. दुसरे काय राहणार आहे. मूल नाही.

बाळ्याचे काय करणार, मी विचारले. कुमारने तेही ठरवले होते. बाळ्या ट्रक घेऊन गुजरातला गेला आहे. सुली त्याच्याशी फोनवर बोलेल. फोनमधला आवाज भाविकचाच, जुन्या शूटिंगमधले तुकडे काढून जोडायचे. 'बोल', 'अगं ऐक तरी', 'पाच मिनिटांत', 'मग काय झालं', असे पुष्कळ आहेत त्याच्याकडे.

मी हो म्हटले. त्याचा आवाज घरात ऐकू येईल, एवढेच तेव्हा डोक्यात आले.

२२ डिसेंबर

सहाव्या भागाचे शूटिंग. मी या वेळी घरीच राहिले. वचनात माझेही नाव आहे.

नारळ फोडायचा प्रश्न आला. घरात वर्षश्राद्ध झालेले नाही, माझ्या हातून नको, सासूबाईंच्या हातून नको. शेवटी लाईट धरणाऱ्या हितेशने बाहेर रस्त्यावर फोडला. तो रत्नागिरीचा. कुमार म्हणाला, "त्याला आमचं सुतक लागत न्हाय, त्याचं नशीब बघू." नारळ आतून कोरडा निघाला.

रीमाने माझा मोहरीच्या रंगाचा गाऊन घातला, आधीच्या भागात तोच आहे म्हणून. संवाद कुमारने लिहिले. चांगले लिहिले आहेत, मोबाईलवर, रिचार्जवर विनोद आहेत. रीमा चुकत नव्हती. पण बोलून झाले की खोलीत नुसता पंख्याचा आवाज.

ती रिकाम्या टोपात पळी फिरवत होती. मी दारातून म्हटले, "गॅस तरी पेटव. रिकाम्या टोपाला इतकं ढवळलं तर त्याला वाटेल त्याचंच काहीतरी चुकलं."

हितेश एवढ्याने हसला की लाईट हलला. कुमार कॅमेऱ्यामागून वर आला.

"वहिनी, काय म्हनालात? परत बोला."

"गॅस पेटव म्हटलं."

"न्हाय, पुढचं."

पुढचे मला आठवेना. मुद्दाम काही बोलले नव्हते. मध्ये बोलून त्यांचा सीन बिघडवला म्हणून वाईट वाटले आणि मी मागच्या दारी गेले. तिथे फोनमधला त्याचा आवाज ऐकू आला, "अगं ऐक तरी." तीनदा. कुमार जागा जुळवत होता.

८ जानेवारी

दौलत आज गाडी घेऊन घरी आले. चाळिशीचे, बोलायला सभ्य. मानकोलीपासून आत यायला दोन ट्रेलरमागे अडकले, तरी रागावले नव्हते. सासूबाईंच्या पाया पडले.

सहावा भाग त्यांना दाखवला. बघून झाल्यावर त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "हसू येत नाही."

कुमार म्हणाला, "साहेब, सुरुवातीची पाच सेकंद बदलतो. पब्लिक पाच सेकंदांतच ठरवतं."

"पाच सेकंद बघतील हो. पुढं काय?" मग ते माझ्याकडे वळले, बहुधा मी एकटीच गप्प होते म्हणून. "ताई, आमच्याकडे रोज इतकं येतं. मोठे नट, मोठे सेट, लंडनला शूट केलेलं. पडतं. आणि तुमच्या या स्वयंपाकघरातलं चाललं. का चाललं ते मला विचाराल तर चालल्यावर मी दहा कारणं सांगीन. आधी कोणालाच सांगता येत नाही."

"मग तुम्ही कशावरून घेता?" मी विचारले.

"दुसऱ्यांदा बघावंसं वाटलं तर."

"हा?"

"हा एकदा बघितला," ते म्हणाले.

मी म्हटले, "आमच्याकडे मेथीची भाजी पण एकदाच खातात. तरी दर आठवड्याला होते."

ते हसले. खूप वेळ हसले. गाडीत बसताना कुमारला म्हणाले, "असं काहीतरी हवं." कुमार मान डोलावत होता. मला वाटते त्यांना मेथीच्या भाजीसारखे रोजचे, घरगुती काहीतरी हवे आहे. कुमारने सातव्या भागात भाजीवाल्याचा सीन घालायचे ठरवले आहे.

१२ जानेवारी

रीमाचे बोलणे लिहून ठेवते.

ती गाऊन परत द्यायला आली होती. म्हणाली, "वहिनी, मला जमत नाहीये. भाविकदादा होता तेव्हा तो मला समोर उभं राहून सांगायचा. घाई करू नकोस. चिडून बोलू नकोस. ती भांडी घासताना पाठमोरी बोलते ना, तसं बोल. नळ चालू आहे असं समज."

"ती म्हणजे कोण?" मी विचारले.

रीमा माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही."

म्हणजे तो सगळ्यांसमोर माझी नक्कल करून दाखवायचा. हितेशसमोर, कुमारसमोर. मी काशीताईकडे जाऊन बसायचे आणि इकडे हे चालायचे. मी कशी उभी राहते, कशी बोलते.

मी रीमाला काही म्हटले नाही. तिचा दोष नाही. तो असता तर त्याच्याशी दोन दिवस बोलले नसते. आता न बोलण्याचाही उपयोग नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ केला नाही.

गोदामात माल कमी होता. कँटीनच्या कोपऱ्यात बसून पाचही भाग पहिल्यांदा पूर्ण बघितले, आवाजासकट.

पहिल्या भागात बाळ्या शिळा मासा आणतो आणि ताजा आहे म्हणतो. सुली शेवटी म्हणते, "ताजा कसला? डोळे तर तुमच्यासारखे दिसतायत, सोमवारी सकाळचे." हे मी एकदा म्हणाले होते. बोईट मासे आणले होते त्याने.

दुसऱ्या भागात सासूला मोबाईल घ्यायचा असतो. सुली म्हणते, "आईंना मोबाईल कशाला? पडवीतून हाक मारली तर कोनपर्यंत जाते." हेही मीच म्हणाले होते. सासूबाईंनी ऐकले असते तर घरात राहता आले नसते, म्हणून हळूच म्हणाले होते.

चौथ्यात बाळ्या उशिरा येतो आणि म्हणतो, रागावलीस? सुली म्हणते, "रागावायला माणूस घरी लागतो."

हे मी कधी म्हणाले ते मला तारखेसकट आठवते. त्यात हसण्यासारखे काही नव्हते. त्या दिवशी मी डॉक्टरांकडे एकटी जाऊन आले होते. तो माझ्याकडे बघत राहिला होता आणि मग गच्चीवर निघून गेला. मला वाटले चिडला. तो नेहमी तसेच करायचा. मी काही बोलले की हसायचा नाही, नुसता बघायचा आणि मोबाईल घेऊन वर जायचा.

घरातले असे बाहेर न्यायला नको होते. लोक त्यावर हसतात, डीजेवर लावतात. पण त्याने ते पुढेमागे रचून, रीमाकडून बसवून गमतीचे केले, हे कसब त्याचे. मी बोलले तेव्हा ते गमतीचे नव्हते.

घरी येऊन सासूबाईंना तिसरा भाग लावून दिला. त्या हसल्या, भाविक गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणाल्या, "यो तर तू बोललेलीस गो. मी ऐकलेलं."

"नाही आई, त्याने लिहिलंय."

"आसंल," त्या म्हणाल्या आणि पुन्हा लावायला सांगितला.

२० जानेवारी

सातवा भाग झाला. भाजीवाला चांगला होता, खरा भाजीवालाच आणला होता. त्याशिवाय काही लिहिण्यासारखे नाही.

कुमार आज वेगळेच घेऊन आला. बराच वेळ चप्पल काढण्यात घालवला. मग म्हणाला, "वहिनी, दौलत साहेब एक बोलले. आठव्या भागाचं."

"काय?"

"खाडीवरचं माझ्याकडे शूट हाय. त्या दिवसाचं. मी मोबाईल लावून ठेवलेला." त्याने वर पाहिले नाही. "कावला शिवला त्याचं. दौलत साहेब म्हनतात, शेवटच्या भागान ते टाका. फोन येत न्हाय, येत न्हाय, आनि मग ते. एका दिवसान अख्खा महाराष्ट्र बघंल. ते बाकी सगलं डोले झाकून घेतात."

"तुला काय वाटतं?"

"मना वाटतं का चालंल."

"ते नाही विचारलं."

सासूबाई आतून ऐकत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "कुमार, त्या दिवशी तू कावल्याला काय बोललास?"

"सिरीज पुरी करतो."

"मंग ती हसायची सिरीज ना रं? का मयताची?"

कुमारला रडू आले. म्हणाला, "मावशी, हसायचं मना येत न्हाय ना. मी लग्नाचं शूटिंग करनारा मानूस. तो सांगायचा तिथं मी कॅमेरा लावायचो."

मग दोघेही माझ्याकडे बघायला लागले. मी नको म्हटले. ज्या माणसाने दर भागाचा शेवट हसण्यावर केला त्याचा शेवटचा भाग असा नको. कुमारने तेवढ्यावर मान्य केले, वाद घातला नाही.

आता विचार करते तर कळत नाही. त्याचे नाव राहावे म्हणून हे सगळे, आणि नाव राहण्याचा एक सोपा रस्ता होता तो मीच बंद केला.

२६ जानेवारी

सुट्टी. कुमार आणि रीमा सकाळीच आले. कुमारने आठवा भाग लिहून आणला होता. फोन लागत नाही, रेंज जाते, असा घोळ आहे, आणि शेवटी फोन लागतो. शेवटचे वाक्य मोकळे सोडले होते.

"इथं काय?" मी विचारले.

"इथं तुमी सांगायचं."

"मला काय येतं त्यातलं?"

"वहिनी, पाच भागांतलं एक वाक्य सांगा, जे तुमचं न्हाय."

मी आठवून पाहिले. लगेच सांगता आले नाही. म्हणून मी म्हटले, वाक्य असेल कोणाचेही, गोष्ट तर त्याने रचली ना. बाळ्याचे काम त्याने केले. कॅमेरा कुठे, काळे कधी करायचे, सगळे त्याने ठरवले.

"त्यो तेच बोलायचा," कुमार म्हणाला. "मना काय येत न्हाय कुमार, मी घरी जातो, ऐकतो आनि वर येऊन टायप करतो. घरची लक्ष्मी बोलते, मी फक्त टायपिस्ट. मना वाटायचं मस्करी करतो."

मस्करीच असणार. तो सगळ्यांना असे मोठेपण द्यायचा. हितेशलाही सांगायचा की तुझ्या लाईटमुळे सिरीज चालते.

तरी मी प्रयत्न केला. पोळ्या करताना, भांडी घासताना दोघे मागे उभे. रीमा म्हणाली, नळ चालू करा. केला. पाणी वाहत राहिले. मी दोन-तीन वाक्ये बोलून बघितली. रीमा चांगली मुलगी आहे, हसली. कुमार हसला नाही.

२ फेब्रुवारी

आठव्या भागाचे शूटिंग आज होते.

शेवटचा सीन राहिला. सुली फोन कानाला लावते, बाळ्याचा आवाज येतो आणि ती शेवटचे वाक्य बोलते. वाक्य नव्हते. सगळे थांबलेले. हितेश लाईट विझवून बसला होता.

मग कुमारला एक सुचले. म्हणाला, "वहिनी, तुमी बसा तिथं. फोन तुमी घ्या. शूट न्हाय करत, फक्त ऐकतो. भाविकचा आवाज लावतो. तुमी त्याच्याशी बोला, आमी न्हायच असं समजा."

मी ओट्याला पाठ टेकून उभी राहिले. फोन कानाला लावला. कुमारने आतल्या खोलीतून तुकडा लावला.

"बोल," भाविक म्हणाला.

आवाज अगदी कानात. मागे कुठेतरी ट्रकचा रिव्हर्सचा आवाज होता, म्हणजे तो तुकडा रस्त्यावर घेतलेला.

मी म्हटले, "कुठे आहेस?"

"अगं ऐक तरी."

"ऐकते आहे."

"पाच मिनिटांत."

"बरं."

"मग काय झालं?" तो म्हणाला.

काय झाले ते मी सांगितले. सासूबाईंचे गुडघे दुखतात ते. वरच्या मजल्याच्या सळ्या पावसाळ्याआधी झाकायला हव्यात ते. गोदामात नवा सुपरवायझर आला आहे आणि तो सगळ्यांना मॅडम म्हणतो, पुरुषांनाही, ते. सरळ सांगत गेले. समोर कोणी नव्हते. नेहमी तो समोर असायचा, आणि त्याच्या तोंडाकडे बघून मला काहीतरी वाकडे बोलावेसे वाटायचे. आता कशाला बोलायचे?

"अगं ऐक तरी," तो पुन्हा म्हणाला. कुमारजवळचे तुकडे संपले असावेत.

मी म्हटले, "कुमार, परत पहिल्यापासून लाव."

त्याने लावला. बोल. कुठे आहेस? अगं ऐक तरी. मी परत लाव म्हटले. मग परत. किती वेळा झाले मला माहीत नाही. मी नुसते ऐकत होते. शेवटी रीमाने येऊन माझ्या कानाजवळचा फोन हळूच काढून घेतला आणि सासूबाई म्हणाल्या, "आता सगल्यांनी जेवून घ्या."

जेवणानंतर कुमारने रीमाला उभे केले. ती फोन कानाला लावून गप्प उभी राहते, आणि काळे. असाच शेवट घेतला.

२१ फेब्रुवारी

कंपनीचा निरोप आला. दौलत यांनी स्वतः फोन केला, दुसऱ्याकडून कळवले नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

म्हणाले, "ताई, पहिले पाच सोनं आहेत. पुढचे तीन त्याच घरातले वाटत नाहीत. शेवटी ती काहीतरी बोलेल म्हणून आमच्या ऑफिसातली माणसं वाट बघत होती. ती बोललीच नाही."

"नाही बोलली," मी म्हटले.

"पाच तेवढे घेतले असते, पण आमचे नियम तुम्हाला माहीत आहेत. मी वरती पुष्कळ बोललो."

मी आभार मानले. मग त्यांनी विचारले, कावळ्याचे अजून विचार करता येईल का. मी नाही म्हटले. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

कुमारने आठही भाग यूट्यूबवर टाकले. खाली लोकांनी लिहिले आहे, 'पहिल्यासारखी मजा नाही', 'भाविक दादाशिवाय नाही जमत', 'सुली गप्प का?' एकाने लिहिले आहे, 'लेखक बदलला वाटतं.' त्याला कोणीतरी उत्तर दिले आहे, 'लेखकच गेला ना भावा.'

२८ फेब्रुवारी

रीमा आली होती. दौलत यांच्या कंपनीने तिला दुसऱ्या एका मालिकेत बोलावले आहे. आगरी बायकोचेच काम, नवरा दुसरा. ती दारातच उभी राहून सांगत होती, आत येईना.

"मी नाही म्हणू का वहिनी?"

"का म्हणून?"

"लोक बोलतील. नवरा जाऊन चार महिने नाही झाले, असं आत्ताच एका बाईने मला रिक्षात सुनावलं. मी सांगितलं, अहो, तो माझा नवरा नव्हता. तर म्हणते, आता असंच म्हणणार."

मी तिला आत घेतले, जेवायला वाढले. जा म्हटले. जाताना ती सासूबाईंच्या पाया पडली. माझ्याही पडायला लागली, मी धरले. आमच्या दोघींचे वय एकच आहे.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारले, "सिरीज पुरी झाली ना?"

"झाली. आठ भाग."

"त्यांनी घेतली न्हाय ना?"

"नाही."

त्या म्हणाल्या, "घेतीलच असं कुमार बोलला नव्हता. पुरी करतो बोललेला." मग थोड्या वेळाने, "पन त्याला कलंल का गो, कशी झाली ती?"



१७ मार्च

मध्ये लिहिले नाही. लिहिण्यासारखे नव्हते. कुमारचा लग्नाचा हंगाम चालू आहे, तो दिसत नाही. आठवा भाग आता कोणी बघत नाही. पहिले पाच बघतात, पण त्यावरही नवे काही लिहीत नाहीत.

आज गोदामात नव्या सुपरवायझरने सगळ्यांना उभे करून भाषण दिले, की टीम म्हणजे कुटुंब, आणि बोलता बोलता मागे सरकत जाऊन पॅकिंगच्या रिकाम्या खोक्यात बसला. उठता येईना. सगळे गंभीर चेहऱ्याने उभे. माझ्या तोंडात एक वाक्य आले. चांगले होते, मला स्वतःलाच हसू आले. तिथे बोलणे बरे नव्हते. घरी गेल्यावर सांगू, असे म्हणून ठेवून दिले आणि नोंदी पुऱ्या केल्या. रिक्षात ते दोनदा मनात म्हणून बघितले, कुठे थांबायचे ते ठरवले. घराचा दरवाजा उघडेपर्यंत, ऐकायला तो नाही हे मला आठवले नाही.

सासूबाई पडवीत लसूण सोलत बसल्या होत्या. मी चप्पल काढली आणि त्यांना सांगितले, आधी खोक्याचे आणि मग ते वाक्य.

हल्ली त्यांना कमी ऐकू येते. "काय बोललीस?" त्यांनी विचारले.

मी पुन्हा सांगितले, मोठ्याने. मोठ्याने बोलल्यावर त्यात काही राहिले नाही.

"कोन पडला? लागला का त्याला?"

"नाही आई, नाही लागलं," म्हटले, आणि त्यांच्या समोर बसून लसूण सोलायला घेतला.